चालू प्रोसेसची प्रायॉरिटी स्क्रिप्टने तपासणं: कामाच्या नोंदी

लिनक्सवरच्या कुठल्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, सीपीयूचा वेळ मिळवण्यात किती प्रायॉरिटी आहे हे सांगणारी छोटी स्क्रिप्ट लिहायला मी बसलो, तेव्हा एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. रोज लिहिलेल्या नोंदी थोड्या साफ करून इथे ठेवतो आहे. चुकलेले प्रयत्न मुद्दाम काढलेले नाहीत, कारण पुढे हे काम करणाऱ्याचा वेळ नेमका तिथेच जाणार आहे.

मशीन चार कोअरचं. त्यावर एक डेटाबेस चालतो आणि रात्री दोन वाजता बॅकअप सुरू होतो. त्याच सुमारास डेटाबेसमध्ये एक मोठा रिपोर्ट चारही कोअरवर चार वर्कर लावून तयार होतो. एरवी चार मिनिटांत होणारा हा रिपोर्ट महिन्याभरापासून आठ मिनिटं घेऊ लागला. बॅकअपला तर सगळ्यात खालची प्रायॉरिटी दिलेली होती, निदान तशी माझी समजूत होती. ती खरी आहे का हे रोज आपोआप तपासणारं काहीतरी हवं होतं.

४ फेब्रुवारी

सुरुवात सरळ पीएस कमांडने केली, म्हणजे चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडने. बॅश स्क्रिप्टमध्ये पीएसची यादी घ्यायची, प्रायॉरिटीचा रकाना वाचायचा आणि ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा, एवढाच बेत होता.

पहिल्याच तासात अडकलो. डेटाबेसची एकच प्रोसेस, तिची प्रायॉरिटी टॉपमध्ये (चालू प्रोसेस सतत दाखवणारी कमांड) २०, पीएसला एल पर्याय दिला की ८०, आणि ओ पर्यायाने पीआरआय रकाना मागवला की १९. मधल्या काळात काही बदलतंय असं वाटून मी एका मिनिटाच्या आत तिन्ही कमांड पुन्हा पुन्हा चालवल्या. आकडे हलले नाहीत.

संध्याकाळ गेली, पण उलगडा झाला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साध्या प्रोसेससाठी प्रॉकमध्ये (प्रोसेसची माहिती फाइलच्या रूपात दाखवणारं फोल्डर) २० अधिक नाइस (प्रोसेसला देता येणारा आकडा, जितका मोठा तितकी प्रायॉरिटी खाली) एवढा आकडा दाखवतो, म्हणजे नाइस शून्य असेल तर २०. टॉप तोच आकडा जसाच्या तसा देतं. पीएसचा लांब आराखडा त्यात ६० मिळवतो, म्हणून ८०. ओ पर्यायातला पीआरआय मात्र ३९ मधून तो आकडा वजा करतो, म्हणून १९. म्हणजे इथे दिशाही उलटी आहे: टॉपमध्ये लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, तर ओ पर्यायाच्या पीआरआयमध्ये मोठा आकडा म्हणजे वरची. एकाच पॅकेजमधल्या एकाच कमांडच्या दोन पर्यायांत हा फरक आहे. माझ्या स्क्रिप्टमध्ये तुलनेचं चिन्ह उलटं पडलं होतं आणि ती सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीच्या प्रोसेसना सगळ्यात खालच्या म्हणून दाखवत होती.

ठरवलं की पीआरआय हा रकाना कुठेच वापरायचा नाही. नाइस, म्हणजे उणे २० ते १९ मधला आकडा, आणि शेड्युलिंगचा वर्ग, म्हणजे प्रोसेसला सीपीयू कोणत्या नियमाने मिळतो ते, हे दोनच घ्यायचे.

५ फेब्रुवारी

पीएसवर अवलंबून राहण्यापेक्षा कर्नल जे सांगतो ते थेट वाचू, असा विचार केला. प्रत्येक प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरात स्टॅट नावाची एका ओळीची फाइल असते. तिच्यात अठरावा रकाना प्रायॉरिटीचा आणि एकोणिसावा नाइसचा. ओळीचे शब्द वेगळे करणाऱ्या ऑक कमांडने एकोणिसावा शब्द छापला की झालं. दहा मिनिटांत स्क्रिप्ट तयार.

सकाळी यादी बघितली तर टीमक्स या टर्मिनल सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सर्व्हर प्रोसेसचा नाइस २० आलेला. नाइस १९ च्या वर जाऊच शकत नाही. हा आकडा खोटा आहे हे एवढ्यावरूनच कळलं, नाहीतर मी पुढे गेलो असतो.

कारण असं की स्टॅटच्या दुसऱ्या रकान्यात प्रोसेसचं नाव कंसात असतं आणि त्या नावात जागा असू शकते. टीमक्सच्या सर्व्हरचं नाव दोन शब्दांचं आहे. त्यामुळे पुढचे सगळे शब्द एका घराने सरकले आणि नाइसच्या जागी प्रायॉरिटीचा २० वाचला गेला.

टीमक्समुळे चूक दिसली तरी. माझ्या टेबलावरच्या मशीनवर फायरफॉक्सच्या ज्या प्रोसेस होत्या त्यांची नावं तीन शब्दांची, म्हणजे सरक दोन घरांची. तिथे नाइस म्हणून सतरावा रकाना वाचला जात होता. तो रकाना संपलेल्या मुलांनी कर्नलमध्ये घालवलेल्या वेळाचा आहे आणि बहुतेक वेळा शून्यच असतो. नाइससुद्धा बहुतेक वेळा शून्यच असतो. म्हणजे चुकीच्या जागेवरून वाचलेला आकडा अगदी बरोबर दिसत होता. मला सर्वांत जास्त काळजी अशाच चुकीची वाटते.

दुरुस्ती म्हणून पहिला बंद कंस शोधून तिथून पुढे मोजायला लागलो. तीही अर्धवट ठरली. सिस्टमडीची (सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) एक प्रोसेस अशी आहे की तिच्या नावातच कंस आहेत, एसडी-पॅम नावाची. स्टॅटमध्ये ती दुहेरी कंसात येते. पहिल्या बंद कंसावर कापलं की एक कंस उरतो आणि पुन्हा सगळं सरकतं.

म्हणून नियम हा: ओळीतला शेवटचा बंद कंस शोधायचा आणि त्याच्या पुढून मोजायचं. त्यापुढचा पहिला शब्द म्हणजे मुळातला तिसरा रकाना. म्हणजे प्रायॉरिटी सोळावी आणि नाइस सतरावा. नावानंतरच्या रकान्यांत कंस कधीच येत नाही, त्यामुळे हे पक्कं आहे.

६ फेब्रुवारी

स्क्रिप्ट मध्येच थांबते आहे. दहापैकी तीन-चार वेळा.

यादी घेतल्यापासून फाइल वाचेपर्यंत एखादी प्रोसेस संपलेली असते. फाइल नाही म्हणून ऑक चूक परत करतं आणि वर सेट-ई (पहिल्या चुकीवर स्क्रिप्ट थांबवणारं सेटिंग) लावलेलं असल्यामुळे सगळी स्क्रिप्टच बंद पडते. मी घाईत चूक सांगणारे सगळे संदेश डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, वळवले आणि सेट-ई काढून टाकलं. ते अंगाशी आलं, पण दोन दिवसांनी.

८ फेब्रुवारी

तीच स्क्रिप्ट दुसऱ्या एका सर्व्हरवर साध्या युजरने चालवली. उत्तर आलं: सगळं ठीक. समाधानाने घरी गेलो. रात्री लक्षात आलं की यादीत फक्त चौदा प्रोसेस होत्या. त्या मशीनवर निदान दोनशे असायला हव्यात.

त्या मशीनवर प्रॉक हे हाइडपीआयडी पर्याय २ लावून माउंट केलेलं आहे. म्हणजे साध्या युजरला स्वतःच्या प्रोसेस सोडून इतरांचे फोल्डर दिसतच नाहीत. चूक सांगणारे संदेश मी गिळून टाकले नसते तरी इथे कळलं नसतं, कारण वाचायला काही समोर आलंच नव्हतं. जे दिसत नाही ते तपासलंही जात नाही आणि अहवालात मात्र हिरवी खूण येते.

दोन गोष्टी बदलल्या. एक, किती प्रोसेस वाचल्या आणि किती वाचता वाचता संपल्या, हे शेवटच्या ओळीत छापायचंच. दुसरी, क्रमांक १ ची प्रोसेस दिसत नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबून तसं सांगायचं. फाइल नसण्याची चूक माफ, परवानगी नसण्याची चूक माफ नाही. दोन्ही एकाच डेव्ह-नलमध्ये टाकणं ही माझी चूक होती.

१० फेब्रुवारी

बॅश सोडून पायथनवर आलो. मुख्य कारण वेग. आधीच्या आवृत्तीत प्रत्येक प्रोसेससाठी ऑक, कट आणि एक कॅट अशा तीन नव्या प्रोसेस सुरू होत होत्या. २६० प्रोसेस असलेल्या मशीनवर एक फेरी जवळपास चार सेकंद घ्यायची. प्रायॉरिटी तपासणारी स्क्रिप्टच मशीनवर सातशे-आठशे प्रोसेस जन्माला घालते हे मला अजिबात आवडलं नव्हतं. पायथनमध्ये फाइल उघडून थेट वाचली की तीच फेरी सेकंदाच्या दहाव्या भागात होते.

मध्ये एक सकाळ सी भाषेतल्या छोट्या प्रोग्रामवर गेली. गेटप्रायॉरिटी हे फंक्शन चूक झाली तर उणे १ परत करतं. पण उणे १ हा खरा नाइससुद्धा असू शकतो. चाचणीसाठी एका प्रोसेसला मुद्दाम उणे १ दिला तर प्रोग्रामने तिला ‘सापडली नाही’ म्हटलं. फंक्शन चालवण्याआधी एररनो (शेवटच्या चुकीची नोंद ठेवणारा आकडा) शून्य करायचा आणि नंतर तो बदलला का हे पाहायचं, तरच दोन्हींतला फरक कळतो. पायथनचं ओएस मॉड्यूल हे आपल्यासाठी करतं आणि खरी चूक असेल तर एक्सेप्शन टाकतं. म्हणून सी बाजूला ठेवलं.

एक बारीक गोष्ट: स्टॅट फाइल बाइट म्हणूनच उघडा. प्रोसेसच्या नावात कुठलेही बाइट असू शकतात आणि यूटीएफ-८ समजून वाचायला गेलं की एखाद्या विचित्र नावावर स्क्रिप्ट कोसळते.

११ फेब्रुवारी

आज वर्गाचा रकाना जोडला. आधी का नव्हता जोडला याचं वाईट वाटतं, कारण त्याशिवाय नाइसचा आकडा अर्धा खोटाच आहे.

कर्नलच्या मायग्रेशन नावाच्या थ्रेडचा (थ्रेड म्हणजे स्वतंत्र चालणारं एक काम) नाइस स्टॅटमध्ये शून्य दिसतो. माझी स्क्रिप्ट त्याला ‘साधी’ म्हणत होती. प्रत्यक्षात तो फिफो या तातडीच्या कामांच्या वर्गात ९९ या रिअल-टाइम प्रायॉरिटीवर असतो आणि साध्या वर्गातल्या कुठल्याही प्रोसेसला बाजूला सारून धावतो. पीएस अशा ठिकाणी नाइसच्या जागी आडवी रेघ छापतं, ते योग्य आहे. प्रॉक थेट वाचताना ती रेघ आपल्याला स्वतः काढावी लागते.

उलट बाजूलाही असंच. आयडल या सगळ्यात बिनमहत्त्वाच्या कामांच्या वर्गातल्या प्रोसेसचा नाइस शून्य असू शकतो, पण शेड्युलर (सीपीयूचा वेळ वाटणारा कर्नलचा भाग) तिला वजन देतो फक्त ३. साध्या वर्गात नाइस शून्यचं वजन १०२४ आणि नाइस १९ चं १५. म्हणजे शून्य दिसणारी ही प्रोसेस १९ वाल्यापेक्षाही खाली आहे.

वर्ग स्टॅटच्या एकेचाळिसाव्या रकान्यात, रिअल-टाइम प्रायॉरिटी चाळिसाव्यात. शेवटच्या कंसापुढून मोजलं तर एकोणचाळिसावा आणि अडतिसावा. वर्गाचे आकडे: ० साधा, १ फिफो, २ आरआर, ३ बॅच, ५ आयडल, ६ डेडलाइन. चौथा आकडा वापरात नाही, त्यामुळे यादी क्रमाने भरताना मी एकदा आयडलला ४ देऊन बसलो होतो.

पडताळायचा एक सोपा मार्ग सापडला. रिअल-टाइम प्रोसेससाठी अठराव्या रकान्यातला आकडा म्हणजे उणे १ वजा रिअल-टाइम प्रायॉरिटी. फिफो ९९ असेल तर उणे १००, फिफो ५० असेल तर उणे ५१. स्क्रिप्ट दोन्ही बाजूंनी हिशेब करते आणि जुळलं नाही तर ओरडते. रकाने सरकण्याची चूक पुन्हा झाली तर इथे लगेच पकडली जाईल.

१२ फेब्रुवारी

अहवाल खूप लांब येतोय. कर्नलचे स्वतःचे थ्रेड त्यात गर्दी करतात. नावाच्या शेवटी एच असलेले केवर्कर उणे २० वर असतात, केह्यूजपेजडी १९ वर. ही त्यांची नेहमीचीच जागा आहे, त्यात बिघाड काही नाही. ज्यांचा पालक क्रमांक २ आहे ते सगळे कर्नलचे, म्हणून त्यांना वेगळं काढलं. पूर्ण गाळले नाहीत, फक्त त्यांची संख्या एका ओळीत दिली.

१४ फेब्रुवारी

आज स्क्रिप्टने पहिल्यांदा खऱ्या बॅकअपवर काम केलं. रात्री जागून पाहिलं. कॉम्प्रेशन करणाऱ्या प्रोसेसचा वर्ग साधा, नाइस १९. सगळं ठरल्याप्रमाणे. आणि रिपोर्टला आठ मिनिटं.

बराच वेळ काही सुचलं नाही. मग टॉपमध्ये एच दाबून थ्रेडची यादी उघडली. कॉम्प्रेशनचे पाच थ्रेड: मुख्य थ्रेड १९ वर आणि खरं काम करणारे चारही शून्यावर.

लिनक्समध्ये नाइस प्रोसेसला नसून प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र असतो. पॉसिक्स या मानकाप्रमाणे तो पूर्ण प्रोसेसचा असायला हवा, लिनक्स तसं करत नाही. चालू प्रोसेसचा नाइस बदलणाऱ्या रीनाइस कमांडला प्रोसेसचा क्रमांक दिला की फक्त मुख्य थ्रेड बदलतो. आधीच जन्मलेले थ्रेड होते तिथेच राहतात. नंतर जन्मणारे आपल्या जन्मदात्याचा नाइस घेतात.

आमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये कॉम्प्रेशन मागे सुरू करून, दोन सेकंद थांबून, मग रीनाइस केलेलं होतं. पूर्वी कॉम्प्रेशन एकाच थ्रेडवर चालायचं, तेव्हा हे चालून गेलं. महिन्याभरापूर्वी मीच ते चार थ्रेडवर नेलं होतं.

माझी तपासणी प्रोसेसच्या स्टॅटमध्ये पाहत होती आणि तिथे मुख्य थ्रेडचाच नाइस लिहिलेला असतो. म्हणजे इतके दिवस मी जे तपासत होतो ते खरं काम करणाऱ्यांना लागूच नव्हतं. आता स्क्रिप्ट प्रत्येक प्रोसेसच्या टास्क फोल्डरात उतरून प्रत्येक थ्रेडची स्टॅट वाचते. एकाच प्रोसेसच्या थ्रेडमध्ये नाइस वेगवेगळा आढळला तर ती ओळ सर्वांत वर येते. फेरीचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आहे, चालेल.

बॅकअपमध्ये रीनाइस काढून कॉम्प्रेशनच्या कमांडच्या आधीच नाइस लावलं, म्हणजे सगळे थ्रेड जन्मतःच १९ वर. लावताना लक्षात ठेवायचं: नाइस कमांडला दिलेला आकडा चालू नाइसमध्ये मिळवला जातो, तर माझ्या मशीनवरच्या रीनाइसला दिलेला आकडा थेट बसवला जातो. कुणी आधीच १० वर असलेल्या स्क्रिप्टमधून नाइस ५ लावलं तर उत्तर १५ येतं.

१५ फेब्रुवारी

पाचही थ्रेड १९ वर. स्क्रिप्टमध्ये सगळं हिरवं. रिपोर्टला आठ मिनिटं.

खरं सांगतो, आज काम सोडून द्यावंसं वाटलं. सकाळी त्या रिपोर्टची वाट पाहत बसणाऱ्या सहकाऱ्याला मी ‘आज रात्री नक्की’ असं सांगितलं होतं.

१७ फेब्रुवारी

रोज रात्रीपर्यंत थांबणं परवडत नाही. दिवसा चाचणी करता यावी म्हणून वेगळ्या मशीनवर दोन रिकाम्या फेऱ्या मारणाऱ्या प्रोसेस तयार केल्या. टास्कसेटने दोन्ही एकाच कोअरला बांधल्या, एक नाइस ० वर आणि दुसरी १९ वर. दोन्ही दोन वेगळ्या टर्मिनलमध्ये.

वाटणी अर्धी-अर्धी. नाइसचा काहीच परिणाम नाही!

दोन्ही एकाच टर्मिनलमधून सुरू केल्या तर शून्यवालीला ९८ टक्क्यांहून जास्त आणि १९ वालीला दीड टक्का. १५ भागिले १०३९, हिशेबाबरहुकूम.

हा ऑटोग्रुपचा परिणाम. २.६.३८ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये ही सोय आहे. चालू असेल तर प्रत्येक सेशनचा (ढोबळपणे, एका टर्मिनलमधल्या प्रोसेसचा) एक गट होतो, आधी गटागटांत वेळ वाटला जातो आणि नाइस फक्त गटाच्या आत चालतो. कर्नलच्या सेटिंगमध्ये शेड-ऑटोग्रुप-एनेबल्ड शून्य केलं तर दोन टर्मिनलमध्येही दीड टक्का दिसू लागला.

सर्व्हरवर ऑटोग्रुप आधीपासून बंदच आहे, म्हणजे रिपोर्टचं कारण हे नाही. पण ‘गट’ हा शब्द डोक्यात राहिला.

१८ फेब्रुवारी

सापडलं.

डेटाबेस ही सिस्टमडीची एक सर्व्हिस, बॅकअप ही दुसरी. दोन्ही सिस्टम स्लाइस या एकाच मोठ्या गटाखाली, प्रत्येकीचा स्वतःचा सी-ग्रुप, म्हणजे कर्नलच्या लेखी प्रोसेसचा गट. दोन्हींच्या फोल्डरात सीपीयू-वेट नावाची फाइल, दोन्हींत १०० हा मूळ आकडा. म्हणजे कर्नल आधी डेटाबेसच्या गटाला आणि बॅकअपच्या गटाला सारखा वाटा देतो. बॅकअपचे थ्रेड १९ वर असोत की शून्यावर, ती तुलना त्यांच्या गटाच्या आतली. बाहेर डेटाबेसशी स्पर्धा गटाच्या वजनावर ठरते. चारही कोअरवर दोन गट समान वजनाने भिडले की प्रत्येकाला अर्धं. चार मिनिटांची आठ मिनिटं.

मग महिन्याभरापूर्वीपर्यंत हे कसं चालत होतं? कारण तेव्हा त्या सीपीयू-वेट फाइल तिथे नव्हत्याच. सिस्टमडी सीपीयूचा कंट्रोलर (गटागटांत सीपीयू वाटणारी सोय) गरज पडल्याशिवाय स्लाइसच्या मुलांना लावत नाही. महिन्याभरापूर्वी मी लॉग पाठवणाऱ्या एका तिसऱ्याच सर्व्हिसला सीपीयू-कोटा लावला होता, २० टक्के. तिच्यासाठी कंट्रोलर चालू झाला. आणि सी-ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत कंट्रोलर पालकाच्या पातळीवर चालू होतो, म्हणजे एका मुलाला लावला की सगळ्या भावंडांना लागतो. डेटाबेस आणि बॅकअप यांच्या युनिट फाइलला (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) कुणी हातही लावलेला नसताना त्यांच्यातला नाइस निकामी झाला.

कॉम्प्रेशन चार थ्रेडवर नेणं आणि हा कोटा, दोन्ही बदल एकाच आठवड्यातले आणि दोन्ही माझेच. त्यामुळे एक दुरुस्त केल्यावर फरक पडला नाही तेव्हा मला वाटलं, माझं निदानच चुकलं. निदान बरोबर होतं, फक्त ते अर्धं होतं.

खात्रीसाठी दुपारी प्रत डेटावर चार जोड्या चालवल्या. कोटा चालू आणि थ्रेड शून्यावर: आठ मिनिटं. कोटा चालू, थ्रेड १९ वर: आठ. कोटा काढून थ्रेड शून्यावर: पुन्हा आठच. कोटा काढून थ्रेड १९ वर: चार मिनिटं आणि काही सेकंद. कोटा काढताना युनिट बदलल्यावर सीपीयू-वेट फाइल खरंच नाहीशी झाली का, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहिलं.

लॉगच्या सर्व्हिसवरचा कोटा मला हवाच आहे. म्हणून बॅकअपच्या युनिटमध्ये सीपीयू-वेट २ लिहिलं. मर्यादा १ ते १०००० आहे आणि डेटाबेसचे १०० तसेच ठेवले. थ्रेडचा नाइस १९ सुद्धा ठेवला आहे, उद्या कुणी कोटा काढून टाकला तर तोच कामाला येईल.

१९ फेब्रुवारी

रात्रीचा खरा रिपोर्ट: ४ मिनिटं ९ सेकंद. सहकाऱ्याचा सकाळी आठच्या आत निरोप आला की रिपोर्ट आलाय. फार बरं वाटलं.

स्क्रिप्टमध्ये वजनाचा रकाना जोडला. प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरातल्या सीग्रुप फाइलमध्ये शून्याने सुरू होणारी ओळ घ्यायची, तिच्यातला मार्ग सिसखालच्या सीग्रुप फोल्डराला जोडायचा, आणि तिथून वर मुळापर्यंत प्रत्येक पायरीची सीपीयू-वेट वाचायची. एकच पायरी वाचून पुरत नाही. दोन प्रोसेसमधली खरी तुलना त्यांच्या सामायिक पूर्वजाच्या लगेच खालच्या पायरीवर होते. फाइल नसेल तर त्या पातळीवर कंट्रोलर नाही, आणि अहवालात ‘नाइस लागू’ असं लिहायचं. मुळाच्या फोल्डरात ही फाइल कधीच नसते, ती चूक समजू नका.

२१ फेब्रुवारी

नियमांची फाइल लिहिली: कुठल्या सर्व्हिसचा वर्ग, नाइस आणि वजन काय असायला हवं.

आधी नियम प्रोसेसच्या नावावर लावले होते. एक नियम तीन दिवस गप्प होता. कर्नल साध्या प्रोसेसचं नाव पंधरा अक्षरांवर कापतो आणि माझ्या नियमातलं नाव एकोणीस अक्षरांचं. ते कधीच जुळणार नव्हतं आणि न जुळणाऱ्या नियमाला स्क्रिप्ट ‘उल्लंघन नाही’ समजत होती. हाइडपीआयडीच्या वेळचीच चूक, वेगळ्या जागी. आता नियम सी-ग्रुपच्या मार्गातल्या सर्व्हिसच्या नावावर लागतात, ते कापलं जात नाही. शिवाय ज्या नियमाला एकही प्रोसेस जुळली नाही तो नियम चूक म्हणून दाखवला जातो. बॅकअप फक्त रात्री असतो, त्यामुळे त्याच्या नियमाला वेळेची खिडकी द्यावी लागली.

प्रोसेस क्रमांक पुन्हा वापरले जातात, हेही सांभाळलं. थ्रेडची यादी वाचायच्या आधी आणि नंतर स्टॅटमधला बाविसावा रकाना, म्हणजे सुरू होण्याची वेळ, ताडून पाहतो. वेगळी निघाली तर ती प्रोसेस मधल्या मध्ये बदललेली आहे, सोडून द्यायची. आतापर्यंत एकदाही घडलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

स्क्रिप्ट टायमरवर टाकली, दर दहा मिनिटांनी. सगळं ठीक असेल तर ० परत करते, नियम मोडला असेल तर १, आणि तपासताच आलं नाही तर २. शून्य आणि दोन वेगळे ठेवले आहेत, कारण ‘तपासलं आणि ठीक आहे’ आणि ‘तपासलंच नाही’ यांच्यातला फरक विसरल्यामुळे माझे निदान पाच दिवस गेले. स्क्रिप्ट स्वतः नाइस १० वर चालते.

एकूण हिशेब: तीन आठवडे, त्यातल्या चार रात्री जागून. स्क्रिप्ट एकशे ऐंशी ओळींची, त्यातल्या प्रायॉरिटी प्रत्यक्ष वाचणाऱ्या ओळी तीसच्या आसपास.

डिस्कची प्रायॉरिटी अजून बाकी आहे. आयओनाइस या डिस्कची प्रायॉरिटी ठरवणाऱ्या कमांडने वेगळं काही सांगितलं नसेल तर कर्नल ती नाइसवरूनच काढतो: नाइसमध्ये २० मिळवून ५ ने भागायचं, म्हणजे शून्याला ४ आणि १९ ला ७. पण या मशीनच्या डिस्कला आयओ शेड्युलर ‘नन’ लावलेला आहे, तिथे या आकड्याकडे कुणी पाहतच नाही. दुसऱ्या सर्व्हरवर बीएफक्यू हा आयओ शेड्युलर आहे. पुढच्या आठवड्यात तिथे आधी डिस्कचा शेड्युलर कोणता हे वाचणारी ओळ लिहिणार, आणि मगच आयओ प्रायॉरिटीचा रकाना जोडणार.